आधी काटा काढा

काकूंचं भाषण बुधवारी सकाळी अकरा वाजता रेडिओवर लागणार होतं, आणि रेडिओत घरघर आहे हे मापसाहेबांना कळलं ते त्याच्या आठ दिवस आधी, मंगळवारी. त्यांचा स्वभाव ठाऊक असलेल्या कुणीही तेव्हाच ओळखलं असतं की या आठ दिवसांत इमारतीत कुणाचं काही खरं नाही.

मापसाहेब हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एकतीस वर्षं ते वजनमाप खात्यात निरीक्षक होते, त्यातून ते चिकटलेलं. दुकानदाराने "या साहेब, बसा" म्हटलं की ते उभ्यानेच पारड्याखाली बोटं फिरवत, आणि तिथे मेणाचा गोळा सापडला नाही तर दुकानदार फारच पोचलेला आहे असं समजत. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले तेव्हा गावातले दुकानदार सुटले आणि घरचे सापडले. घरचे म्हणजे एकट्या काकूच, कारण मुलगी लग्न होऊन परगावी होती. मग साहेबांनी विजेवर चालणारा एक इलेक्ट्रॉनिक काटा आणला आणि काकूंनी आणलेली भाजी रोज तोलायला सुरुवात केली. काटा पावणेअकराला लावायचा, पाऊण तास तापू द्यायचा, साडेअकराला भाजी ठेवायची. न तापलेला काटा खरं बोलत नाही, असा त्यांचा सिद्धान्त होता. भाजी रोज थोडी कमीच भरे. रोज ते "बघ, मारला की नाही काटा" म्हणत आणि मोठ्या समाधानाने जेवायला बसत.

चौकातली भाजीवाली बिचारी शपथा घेऊन थकली होती. दर शनिवारी साहेब तिच्या गाडीसमोर उभे राहून आठवड्याभराची तूट तिला तोंडपाठ म्हणून दाखवत. आता तर तिचा काटा जप्त करावा असा जुन्या खात्याला लिहिलेला अर्जही टेबलावर तयार होता. "माझं भाषण होऊ द्या, मग टाका पोस्टात," एवढंच काकू म्हणाल्या होत्या. भाषणाचा आणि अर्जाचा काय संबंध, हे साहेबांनी विचारलं तेव्हा त्या पाणी भरायला उठून गेल्या होत्या. कुठेतरी पाणी मुरतंय, हे साहेबांनी तेव्हाच मनात टिपून ठेवलं.

भाषणाचा विषयही काकू सांगत नव्हत्या. केंद्रावर जाऊन दहा मिनिटं बोलून आल्या, आवाज भरून ठेवला गेला, आणि नवऱ्याला काय कळलं तर "ऐकाल तेव्हा कळेल". चौतीस वर्षांच्या संसारात न सांगितलेलं असं काय उरलं होतं? साहेब दोन रात्री नीट झोपले नाहीत. भाषण अक्षर न अक्षर ऐकायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं. हे केंद्र मोबाइलवर येत नव्हतं. येत होतं ते फक्त हॉलमधल्या रेडिओवर, म्हणजे निरोपाच्या वेळी खात्याने दिलेल्या लाकडी पेटीवर. म्हणून तयारीसाठी मंगळवारी अकरा वाजता ते रेडिओपुढे खुर्ची ओढून बसले, आणि त्यांना कार्यक्रमातल्या बाईंच्या आवाजाऐवजी जात्यावर खडे दळल्यासारखा आवाज ऐकू आला. खाली जाड घूं आणि वर बारीक किर्र.

"हे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "रोज या वेळेला."

दोन वर्षं बायको रोज अकराचा कार्यक्रम असा ऐकत होती आणि आपल्याला पत्ता नाही, याचं साहेबांना जरा वाईट वाटायला हवं होतं. पण त्यांच्या डोक्यात वेगळंच चक्र फिरायला लागलं. दोन वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर कोण राहायला आलं? बँकेतून निवृत्त झालेला मॅनेजर. त्यांनी छताकडे पाहिलं. काकूंनीही वर पाहिलं, पण भिंतीवरच्या घड्याळाकडे. मग त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "मला विचाराल तर आधी काटा काढा. सगळं ठीक होईल."

साहेब चपापले. मॅनेजर आपल्याला पाण्यात पाहतो, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्याचा काटा काढायची भाषा आपल्या बायकोच्या तोंडी? ती झुरळसुद्धा केरसुणीने दाराबाहेर नेऊन सोडायची. त्यांनी काकूंकडे नव्या नजरेने पाहिलं, आवाज खाली आणून म्हणाले, "इतक्या टोकाला नको जायला. आधी पुरावा गोळा करू." काकूंनी कपाळाला हात लावला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

पुरावा गोळा करायला साहेब वर गेले. मॅनेजर सोफ्यावर मांडीवर ससा घेऊन बसले होते. हा ससाही साहेबांच्या संशयाचा जुनाच विषय होता. त्याच्या मालकाला घर चालवण्याची अक्कल नाही, मालकीणबाई भाजी मोजून आणतात, तरी ससा महिन्यागणिक गरगरीत होत चाललेला. याला कोण खाऊ घालतं? साहेबांनी एका नजरेत त्याचं वजन अडीच किलो धरलं आणि मुद्द्यावर आले. सकाळी अकराला आपल्याकडे कुठलं यंत्र चालतं, असं त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. मॅनेजर म्हणाले, अकराला मी झोपलेला असतो, आणि बायकोच्या मते ते यंत्रच आहे. मग त्यांनी सल्ला द्यायला सुरुवात केली. रेडिओखाली रबराची चटई घाला. नाही तर रेडिओचं तोंड पूर्वेला करा, त्यांच्या साडूचा असाच बरा झाला होता. आणि काहीच नाही जमलं तर वीज कंपनीत तक्रार करा, कारण तारांतून हल्ली काय काय येतं याचा नेम नाही. इतका मोकळेपणाने सल्ला देणारा माणूस काहीतरी झाकतोय, अशी साहेबांची खात्री झाली. पण तारांचं त्यांना पटलं.

वीज कंपनीच्या कार्यालयात तीन खिडक्या होत्या आणि तिन्हींवर "शेजारच्या खिडकीत विचारा" असं लिहिलेलं होतं. साहेबांनी सरकारी नोकरी केलेली असल्यामुळे ते सरळ चौथ्या दारातून आत गेले. तिथल्या कारकुनाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, दिवे लुकलुकतात का? नाही. पंखा थांबतो का? नाही. मग आवाज आहे तर पोलिसांकडे जा. साहेबांनी समजावलं की आवाज तारेतून येतो. तो तारेतून येतो हे कशावरून, असं कारकुनाने विचारलं. "मला संशय आहे," साहेब म्हणाले. कारकुनाने फॉर्म उलटापालटा करून पाहिला आणि सांगितलं, "संशयाचा रकाना नाहीये यात." एकतीस वर्षं निव्वळ संशयावर पगार घेतलेल्या माणसाला हे वाक्य जिव्हारी लागलं. आवाजाचा नमुना घेऊन या, मग पुढचं बघू, असं म्हणून कारकुनाने डबा उघडला.

शुक्रवार उजाडला. आता राहिला रेडिओ दुरुस्तीवाला. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान होतं, म्हणजे एक टेबल आणि भिंतभर डब्या. तो सुटे भागही विकायचा. त्याने ऐकताच सांगितलं की लाइनमधून गोंगाट येतोय, रेडिओच्या तारेवर फिल्टर बसवा, एक कपॅसिटर लावला तरी काम होईल. कपॅसिटर म्हणजे काय, हे साहेबांनी विचारलं. दुरुस्तीवाला म्हणाला, "आडवाट समजा. वीज सरळ रेडिओत जाते, गोंगाट आडवाटेने परस्पर बाहेर पडतो." हे बोलता बोलता त्याने डबीतून मसुराच्या डाळीएवढा, मेन लाइनवर चालणारा एक कपॅसिटर काढला आणि पकडीने त्याचे दोन्ही पाय कट्कन कापून नखाएवढे ठेवले.

साहेब ताडकन उभे राहिले. डोळ्यांदेखत माप मारलं होतं, तेही गिऱ्हाइकाने खात्यात आयुष्य काढलंय हे माहीत असताना. त्यांनी विचारलं, कापलेले पाय कुठे गेले? ते टेबलाखाली डब्यात होते. डब्यात असे शेकडो पाय होते. केवढा मोठा घोटाळा आहे हा, असं साहेबांच्या मनात आलं. दुरुस्तीवाला समजावत होता की पाय आखूडच लागतात, पण चोर कधी कबूल करतो का? कारखान्याने दिलेत तेवढे पूर्ण पाय हवेत, आणि हा डाळीएवढा दाणा नको, दुकानातला सगळ्यात मोठा हवा, असं साहेबांनी बजावलं. दुरुस्तीवाल्याने सगळ्यात वरची डबी उतरवली. मग काडेपेटीएवढा एक ठोकळा काढून दिला. त्याचे पाय बोटाएवढे लांब होते. साहेबांनी खिशातल्या पट्टीने दोन्ही मोजले, सारखे भरले, तेव्हाच ते दुकानाची पायरी उतरले.

घरी येऊन त्यांनी तो ठोकळा एका डब्यात बसवला. पण डबा ठेवायचा कुठे? रेडिओजवळ ठेवला तर कुणीही येऊन हात लावणार. मॅनेजर तर परवा चहाला म्हणून येऊन रेडिओकडे टक लावून पाहत होता. म्हणून साहेबांनी डबा भिंतीतल्या कपाटात ठेवला, दाराच्या फटीतून दोन वायरी काढून हॉल ओलांडून रेडिओपर्यंत नेल्या, आणि कपाटाला कुलूप घातलं. किल्ली जानव्याला अडकवायची सवय नसल्यामुळे घड्याळाच्या पट्ट्यात खोवली. काकूंनी वायरींवरून पाय उचलून टाकत विचारलं, "आणि काटा?"

"त्याचंच चाललंय," साहेब म्हणाले.

शनिवारी अकराला रेडिओ लावला. जाड घूं गायब झाली होती. साहेबांनी विजयी मुद्रेने खुर्चीवर पाय पसरले. पण किर्र तशीच होती, उलट घूं गेल्यामुळे ती अधिकच स्पष्ट ऐकू येत होती. बाई बोलत होत्या, पण त्यांचे स, श, च आणि ज किर्र खाऊन टाकत होती. अर्धाच आवाज अडवणारा फिल्टर म्हणजे अर्ध्या मापाचा माल. रविवारी दुकान बंद. सोमवारी दुरुस्तीवाला लग्नाला गेलेला, किंवा गेलो असं सांगून आत लपलेला. साहेब शटरला कान लावून दहा मिनिटं उभे होते. शेवटी मंगळवारी तो सापडला, तेव्हा साहेबांनी ठोकळा टेबलावर आपटला आणि त्याचा परवाना मागितला.

दुरुस्तीवाला चिडला नाही. त्याने फक्त विचारलं, हा बसवला कुठे होता? साहेबांनी कपाट, कुलूप, हॉलभर वायरी हे सगळं अभिमानाने सांगितलं. तेव्हा त्याने पकड खाली ठेवली.

"साहेब, जाडा आवाज सावकाश चालतो. त्याला लांबची आडवाट चालते. बारीक किर्र असते ना, ती फार घाईत असते. घाईतला माणूस लांबच्या वाटेने जातो का? पाय लांब, वर हॉलभर वायर, म्हणजे वाट एवढी लांब झाली की ती म्हणते, जाऊ दे, सरळच जाते. आणि सरळ तुमच्या रेडिओत शिरते. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात ते काय उगाच?"

"मग कपॅसिटर मोठा घेतला त्याचं काय?"

"मोठा माणूस दारात बसवला की हत्ती अडतो. उंदीर त्याच्या शेजारून जातो."

हे साहेबांना एकदम पटलं. त्यांचे खात्यातले वरिष्ठ अगदी असेच होते. तरी संशय पुरता गेला नाही. जे करायचं ते माझ्यासमोर, माझ्या घरी करा, असं त्यांनी सांगितलं, आणि दुरुस्तीवाला बुधवारी साडेदहाला यायला कबूल झाला.

बुधवारी तो अकराला वीस मिनिटं असताना आला. तोवर हॉल भरला होता. बायकोचं भाषण म्हणून साहेबांनी मॅनेजरना सपत्नीक बोलावलं होतं. त्यात मोठेपणाही होता आणि अकरा वाजता संशयित नजरेसमोर असावा हा हेतूही होता. मॅनेजर सशालाही घेऊन आले होते. दुरुस्तीवाल्याने कपाटाची किल्ली मागितली, हॉलभरच्या वायरी गुंडाळून बाजूला टाकल्या, रेडिओची पाठ उघडली आणि तोच डाळीएवढा दाणा बाहेर काढला. "पाय कापू?" त्याने विचारलं. साहेबांनी मान फिरवून हो म्हटलं. नखाएवढे पाय ठेवून त्याने तो दाणा रेडिओच्या आतच, तार शिरते तिथे जोडला. मग काहीतरी आठवून विचारलं, या वेळेला घरात दुसरं काय लावलेलं असतं? साहेबांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं आणि बजावलं, तिथे फक्त माझा काटा आहे, त्याच्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. दुरुस्तीवाल्याने काकूंकडे पाहिलं. काकू सशाकडे पाहत होत्या.

अकरा वाजले. रेडिओतून किर्र आली नाही. नीट कान दिला तर कुठेतरी खोल, जेमतेम खसखस होती, बस. आणि मग काकूंचा आवाज आला, इतका स्वच्छ की त्यांनी बोलण्याआधी घेतलेला श्वासही ऐकू आला. शेजारी बसलेल्या काकूंनी पदर नीट केला.

काकू रेडिओतून सांगू लागल्या की त्यांच्या घरी रोज साडेअकराला भाजी तोलली जाते. तोलणारे त्यांचे यजमान आहेत, वजनमाप खात्यातले, आणि इतका सरळ माणूस त्यांनी दुसरा पाहिला नाही. साहेबांनी मॅनेजरांकडे पाहिलं. मॅनेजरांनी मान डोलावली.

"निवृत्त झाल्यावर पहिले दोन महिने भाजी रोज बरोबर भरायची," रेडिओतल्या काकू म्हणाल्या. "बरोबर भरली की यांचा चेहरा उतरायचा. जेवायचे नाहीत. खिडकीत बसून राहायचे. आपल्यावाचून बाजार नीट चाललाय हे त्यांना सोसत नव्हतं. मला बघवेना. मग एक दिवस मी जिन्यात थांबले आणि पिशवीतून अर्धी मूठ शेंगा काढल्या. त्या दिवशी हे पोटभर जेवले. त्यानंतर मी रोज काढते."

साहेब म्हणाले, "थांब, थांब." पण थांबायचं कुणी? शेजारच्या काकू गप्प बसल्या होत्या आणि रेडिओतल्या बोलतच होत्या.

"त्या शेंगा वरच्यांच्या सशाला जातात. तो फार गुणी आहे. पण यात भाजीवाली हकनाक बोलणी खाते. तिची मी माफी मागते. हे मी घरी सांगायला गेले तर हे मधेच बोलतात. रेडिओला मधे बोलता येत नाही, म्हणून इथे सांगते."

पुढे अजून पाच मिनिटं भाषण होतं. साहेबांनी ते अक्षर न अक्षर ऐकलं, कारण कुठलंच अक्षर लपायला आता जागा नव्हती. आठ दिवस खपून त्यांनी स्वतःच ती बंद केली होती. हॉलमध्ये कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. मॅनेजर सशाचे कान सरळ करत होते. दुरुस्तीवाल्याने पकडी गोळा केल्या आणि पाय काढता घेतला. साहेबांना फार लाज वाटली. आणि त्या लाजेच्या खाली, त्यांना स्वतःलाच नवल वाटलं, पण खूप बरंही वाटत होतं. दोन वर्षं कुणीतरी रोज जिन्यात थांबून आपल्या जेवणाची काळजी केली होती, आणि एवढ्या मोठ्या शंकेखोराला तिची एकदाही शंका आली नव्हती.

पाहुणे गेल्यावर ते उठून स्वयंपाकघरात गेले. तापत ठेवलेल्या काट्याचा प्लग त्यांनी उपटला. बाहेर अजून चालूच असलेल्या रेडिओत उरलेली ती खोलवरची खसखस त्याच क्षणी थांबली. साहेब हातात प्लग धरून तसेच उभे राहिले. मंगळवार, शनिवार, सगळं त्यांना एकदम ऐकू आलं.

"म्हणजे तू मॅनेजरचं म्हणत नव्हतीस," ते म्हणाले.

"मी मराठीतच बोलले होते," काकू म्हणाल्या.

गुरुवारी साहेब अर्ज पोस्टात न टाकता खिशात घालून स्वतः चौकात गेले. भाजीवालीच्या गाडीवर छोटा रेडिओ टांगलेला होता, त्यामुळे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी खाली मान घालून पाव किलो घेवडा मागितला आणि म्हणाले, तोलू नकोस, मूठभर घाल अंदाजाने. भाजीवालीने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग शेंगा पारड्यात टाकल्या, तोलल्या, काढल्या, पुन्हा तोलल्या, आणि गाडीवरच्या चार गिऱ्हाइकांना बोलावून आकडा दाखवला.

"बाई सांगतात ते खरं असेल," ती म्हणाली. "पण साहेब, तुमच्यावर माझा विश्वास नाही."

साहेबांनी पिशवी घेतली. जिना चढताना ते दुसऱ्या मजल्यावर आपल्या दाराशी थांबले नाहीत. वर गेले, आणि दहा मिनिटांनी खाली आले. काकूंनी पिशवी हातात घेऊन नुसतीच तोलून पाहिली.

"अर्धी मूठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

साहेब काहीतरी बोलणार होते. पण ते मधे बोलले नाहीत, हात धुऊन जेवायला बसले.